तलवारीवर नाव रघुजींचं, पण कोणत्या रघुजींचं? नागपूरच्या सेनासाहेबसुभांची गोष्ट, त्यांच्याच तलवारीच्या आधाराने

दसऱ्याला पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये शस्त्रपूजन होतं. कुणाकडे पणजोबांची तलवार असते, कुणाकडे नुसतं गंजलेलं पातं. पूजा झाली की घरातली तरुण मंडळी पहिलं काम काय करतात? फोटो काढतात आणि फोनला विचारतात, ही कुठली तलवार आहे? फोन लगेच उत्तर देतो. कधी मराठा, कधी राजपूत, पातं जरा वाकडं असेल तर थेट जपानी कतानासुद्धा.

फोनचा दोष नाही. तो फक्त बाहेरचा आकार बघतो आणि तसाच दिसणारा दुसरा फोटो शोधून आणतो. तलवार ओळखायचं काम वेगळं असतं. पातं एकीकडे बनलेलं असतं, मूठ दुसरीकडे. मालकाचं नाव आणखी कधीतरी कोरलेलं असतं. म्हणजे एकाच तलवारीच्या तीन-तीन जन्मतारखा असू शकतात.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर आपल्याकडे ताजं आणि मोठं उदाहरण आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीज या लिलावघरात एक तलवार विकायला आली. महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. यात वाहतूक, विमा वगैरे खर्चही आला. १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत पोहोचली. तलवार नागपूरकर भोसल्यांची. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ती पहिल्या रघुजी भोसल्यांची असल्याचं सांगितलं.

बातमी आपण सगळ्यांनी शेअर केली. पण रघुजी भोसले नेमके कोण होते आणि तलवार त्यांचीच हे कशावरून म्हणायचं, हे दोन प्रश्न मागे राहिले. या लेखात दोन्हींची उत्तरं एकत्र बघू. तलवारीचा एकेक भाग घेऊ आणि त्या भागातून रघुजींचं आयुष्य उलगडू.

आधी ती ओळ: नाव आणि पदवी

या तलवारीच्या पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या पाण्याने एक देवनागरी ओळ लिहिलेली आहे. त्या ओळीत चार गोष्टी आहेत: श्रीमंत हा मान, रघोजी भोसले हे नाव, सेनासाहेबसुभा ही पदवी आणि शेवटी फिरंग हा शब्द. साल नाही, गाव नाही, कारागिराचं नाव नाही.

आता अडचण बघा. नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तीन राजे होऊन गेले. पहिले १७५५ मध्ये वारले, दुसरे १८१६ मध्ये आणि तिसरे १८५३ मध्ये. दुसरे रघुजी हे पहिल्यांचे नातू. सेनासाहेबसुभा ही पदवी तर घराण्याचीच, म्हणजे ती नातवाच्या नावापुढेही लागायची. आणि कुठलाही राजा स्वतःच्या तलवारीवर पहिला किंवा दुसरा असं लिहून ठेवत नाही. हे आकडे आपण नंतर इतिहासाच्या सोयीसाठी लावतो. तेव्हा ही ओळ आपल्याला घराण्यापर्यंत नेते. माणसापर्यंत जायला पातं आणि मूठ बघावी लागतात.

पण त्याआधी ही पदवी आली कुठून ते बघू, कारण रघुजींचं अर्धं आयुष्य त्या एका शब्दात आहे.

रघुजींचा जन्म १६९५ चा मानतात. वडील बिंबाजी. घराणं मूळचं हिंगणीचं. घराण्याचं नशीब फळफळलं ते १७०७ मध्ये. औरंगजेब वारला, मुघलांच्या कैदेतून शाहू महाराज सुटून आले आणि आपण खरे वारस आहोत हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्या नाजूक वेळी परसोजी भोसले त्यांच्या बाजूला उभे राहिले. त्याच्या बदल्यात त्यांना सेनासाहेबसुभा ही पदवी आणि वऱ्हाडाकडचा कारभार मिळाला. परसोजींच्या मागे त्यांचा मुलगा कान्होजी आला. रघुजी हे या कान्होजींचे नात्यातले पुतणे.

वडील लवकर गेल्यामुळे रघुजी काकांच्या आश्रयाला वाढले. पण काका-पुतण्याचं जमलं नाही. रघुजी तिथून बाहेर पडले, काही काळ देवगडच्या गोंड राजाकडे चाकरी केली आणि शेवटी साताऱ्याला शाहू महाराजांकडे आले. शिकारीत त्यांनी महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, महाराजांची मर्जी त्यांच्यावर बसली हे नक्की. राणीच्या माहेरच्या, शिर्के घराण्यातल्या मुलीशी त्यांचं लग्न लावून देण्यात आलं.

इकडे कान्होजी साताऱ्याला जुमानेनासे झाले. हिशेब देईनात, बोलावलं तर येईनात. शाहू महाराजांनी त्यांना आवरायला कुणाला पाठवलं? रघुजींनाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या परिसरात रघुजींनी काकांना गाठलं आणि पकडून साताऱ्याला पाठवलं. (आपली दिंडोरी तालुक्यातली सप्तशृंगीजवळची वणी वेगळी, गोंधळ करू नका.) कान्होजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं आणि १७३० च्या दशकात सेनासाहेबसुभा ही पदवी रघुजींकडे आली.

म्हणजे पात्यावरचा तो भारदस्त शब्द नुसता मान नाही. ज्या काकांकडे वाढले त्यांना कैद करून तो मिळालेला आहे. संग्रहालयातल्या पाटीवर ही बाजू सहसा येत नाही.

आता पातं: जन्म युरोपचा

ओळीतला शेवटचा शब्द फिरंग. पर्शियन भाषेत युरोपियन लोकांना फरंगी म्हणत, तोच शब्द आपल्याकडे फिरंगी झाला. युरोपात बनलेल्या पात्याची तलवार म्हणून तिचं नाव फिरंग. मुठीजवळ पात्यावर युरोपियन कारखानदाराचं नावही आहे. पातं सरळ आहे, एकधारी आहे.

सतराव्या-अठराव्या शतकात जर्मनीतलं झोलिंगेन, स्पेनमधलं टोलेडो, इटलीतली काही गावं पात्यांसाठी नावाजलेली होती. तिथली पाती जहाजाने आपल्या बंदरांवर यायची, इथे त्यांना देशी मूठ बसायची. सरळ, लांब पातं घोड्यावरून वापरायला चांगलं, म्हणून मराठा सरदारांत त्याला मोठी मागणी होती.

पण इथे एक सापळा आहे. झोलिंगेनचा शिक्का म्हणजे धावता लांडगा. हा शिक्का असला की दर मिळायचा. मग काय, दुसऱ्या गावांतले लोहार तोच लांडगा कोरायला लागले आणि आपल्याकडचे कारागीरही युरोपियन खुणांच्या नकला करायला लागले. आजच्या ब्रँडेड बुटांच्या फर्स्ट कॉपीसारखंच. म्हणून शिक्का दिसला की जाणकार लगेच खूश होत नाहीत. पात्याची जाडी, त्यावरच्या खोलगट नाळी, शिक्का किती खोल बसलाय, अक्षरांचं वळण कसं आहे, हे सगळं जुळतंय का ते बघतात.

रघुजींच्या हातात युरोपियन पातं येणं नवलाचं नव्हतं. पदवी मिळाल्यावर काही वर्षांतच ते थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत गेले होते.

१७४० मध्ये शाहू महाराजांनी रघुजी आणि अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले यांना कर्नाटकच्या मोहिमेवर पाठवलं. २० मे १७४० रोजी दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली खान याच्याशी गाठ पडली. नवाब लढाईत मारला गेला. पुढच्या वर्षी, मार्च १७४१ मध्ये, रघुजींनी त्रिचनापल्ली घेतली आणि नवाबाचा जावई चंदासाहेब याला कैद केलं. त्याची कुटुंबातली माणसं पुद्दुचेरीला फ्रेंचांच्या आश्रयाला होती. रघुजींनी फ्रेंचांकडे ती माणसं आणि खंडणी मागितली. फ्रेंच गव्हर्नर द्यूमा याने नकार दिला आणि तटबंदीच्या आत ठाम बसून राहिला.

या मोहिमेच्या मधोमध आणखी एक गोष्ट झाली. एप्रिल १७४० मध्ये पहिले बाजीराव वारले. पुढचा पेशवा कोण? रघुजींनी बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना, पाठिंबा दिला नाही. त्यांचा कल बारामतीच्या बाबूजी नाईकांकडे होता. शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांनाच दिली. तिथून पेशवे आणि नागपूरकर यांच्यात जी अढी पडली ती पुढे दोन-तीन पिढ्या गेली नाही.

मग मूठ: तिचं नाव नाशिक जिल्ह्यातलं

आता आपल्याकडचा भाग. या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची आहे, असं पुरातत्त्व खात्याने नोंदवलंय. हे मुल्हेर म्हणजे आपलंच, सटाण्याच्या पुढे ताहाराबादवरून जातो तिथलं, बागलाणातलं. बागुल राजांची ही राजधानी. १६३८ मध्ये औरंगजेबाने, तो शहजादा असताना, हा मुलूख मुघलांकडे घेतला. मुठीच्या एका घाटाला जिल्ह्यातल्या गावाचं नाव आहे, आणि आपण किल्ल्यावर ट्रेकला जाऊन फक्त रील काढून येतो!

मुठीच्या आत हात टेकायला गादी असते. बोटांसमोर जी आड असते तिला परज म्हणतात. मुठीच्या गोल भागाला जाणकारांच्या भाषेत मुसुमा हा शब्द आहे. रघुजींच्या तलवारीच्या मुठीवर सोन्याची नक्षी आहे आणि मुठीला हिरवं कापड गुंडाळलेलं आहे.

या नक्षीला कोफ्तगरी म्हणतात. ती कशी करतात? लोखंडावर आधी बारीक, उभ्या-आडव्या रेघा ओढून पृष्ठभाग खरखरीत करतात. मग त्यावर सोन्याची बारीक तार किंवा पत्रा ठेवून हलक्या हाताने ठोकतात. सोनं त्या रेघांत घट्ट अडकतं. शेवटी घासून चकाकी आणतात. जिथे सोनं झिजलंय तिथे भिंगातून बघितलं की खालच्या जाळीदार रेघा दिसतात. नुसता सोनेरी मुलामा असेल तर त्या रेघा नसतात. नवीन बनवलेली जुनी तलवार पकडायची ही एक सोपी जागा आहे.

घाट बघून काळ ठरतो, पण तो ढोबळ पट्ट्यात. मुठीचे घाट मोबाइलच्या मॉडेलसारखे दरवर्षी बदलत नव्हते. म्हणून पातं, मूठ आणि ओळ तिन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात का, हे बघावं लागतं. तीनपैकी एकच पुरावा हातात असेल तर थांबायचं.

जपानमध्ये हे काम कसं करतात

जुन्या तलवारी ओळखण्याची सगळ्यांत शिस्तशीर पद्धत जपानची आहे, म्हणून तिच्याकडे एक नजर टाकू. जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका छोट्या खुंटीवर धरलेली असते. खुंटी काढली की मूठ सुटते आणि पात्याचा मुठीत लपलेला भाग दिसतो. त्याला नाकागो म्हणतात. कारागीर सही करायची असेल तर तिथे करतो. त्या भागावरचा गंज कधीच साफ करत नाहीत, कारण गंजाचा रंग आणि पोत हाच वयाचा पुरावा. गंज घासला की किंमत गेली.

धारेजवळ पांढरट लाटेसारखी रेघ असते, ती हामोन. पातं तापवून पाण्यात विझवताना, धार आणि पाठ यांवर मातीचा कमी-जास्त थर देऊन ती आणलेली असते. हाताच्या रक्षणासाठी असलेली चकती म्हणजे त्सुबा. ती वेगळा कारागीर बनवतो आणि मालक हवी तेव्हा बदलतो. म्हणजे तिथेही पातं एका शतकाचं आणि चकती दुसऱ्या शतकाची असू शकते.

होनआमी नावाचं घराणं पिढ्यानपिढ्या तलवारी पारखण्याचं काम करत असे. ते घडी घातलेल्या कागदावर दाखला लिहून देत. त्या दाखल्याचं नाव ओरिगामी! हो, कागदाच्या पक्ष्यांवरून आपल्याला माहीत असलेला तोच शब्द. आणि एवढं असूनही खोट्या सह्या भरपूर सापडतात. नामवंत कारागिराची सही दिसली की जपानी पारखी आधी पातं बघतो आणि मग सही वाचतो.

आपल्या तलवारीत मोठा फरक असा की पातं मुठीत लाख-राळेने बसवलेलं असतं. खुंटी नसते. ती सोडवायची म्हणजे तापवावी लागते आणि त्यात सोन्याची नक्षी, कापड, गादी सगळं खराब होतं. म्हणून रघुजींची ओळ पात्याच्या उघड्या भागावर आहे, आणि म्हणून आपल्याकडची मूठ न खोलताच तपासणी करावी लागते. क्ष-किरणांच्या फोटोत आतला भाग दिसतो. हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने पृष्ठभागावरचं सोनं, चांदी, तांबं किती हे ओरखडाही न काढता कळतं. जपानी पात्यांवर तर न्यूट्रॉनचा झोत टाकून आतल्या पोलादाची रचनाही अभ्यासली गेली आहे.

जी गोष्ट पात्यावर लिहिलेली नाही

तलवारीवर नाव आणि पदवी लिहिलेली असते. ती कुणाच्या अंगावर उगारली गेली ते लिहिलेलं नसतं. रघुजींच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड भाग इथेच येतो.

१७३९ च्या सुमारास देवगडचा राजा चांद सुलतान वारला आणि गादीसाठी भांडण लागलं. राणीने मदतीला रघुजींना बोलावलं. रघुजी आले, त्यांनी राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली आणि मोबदला घेऊन परत गेले. काही वर्षांनी भावाभावांत जुंपली, रघुजी पुन्हा आले आणि या वेळी परत गेले नाहीत. गोंड राजाला मानाने नागपुरात ठेवलं, त्याला नेमणूक बांधून दिली आणि सत्ता स्वतःकडे घेतली. गोंड राजा बख्त बुलंद याने वसवलेलं नागपूर अशा रीतीने भोसल्यांचं झालं.

नागपूरहून पूर्वेला बंगालचा श्रीमंत सुभा होता. १७४२ मध्ये रघुजींचे कारभारी भास्करराम कोल्हटकर तिकडे फौज घेऊन गेले. चौथाई वसूल करणं हा उद्देश. नवाब होता अलिवर्दी खान. पुढची नऊ-दहा वर्षं जवळजवळ दरवर्षी फौजा जात राहिल्या. गावं लुटली गेली, जाळली गेली, माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. बंगाली लोकांनी या घोडेस्वारांना बर्गी म्हटलं. शब्द आपल्याच बारगीर या शब्दावरून. बर्गीची भीती घालून मुलांना झोपवणाऱ्या ओव्या तिथे आजही लोकांना पाठ आहेत. इंग्रजांनी कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नाव मराठा डिच. तो पुरा झालाच नाही, पण पुढे त्याच रेषेवर शहराचा सर्क्युलर रोड झाला.

१७४३ मध्ये गंमत बघा, नानासाहेब पेशवे बंगालमध्ये उतरले ते नवाबाच्या बाजूने आणि रघुजींच्या विरोधात. शेवटी शाहू महाराजांना दोघांमध्ये समेट करावा लागला आणि बंगाल, बिहार, ओडिशा हा भाग रघुजींकडे राहिला.

३१ मार्च १७४४ रोजी अलिवर्दीने तहाच्या बोलणीसाठी भास्कररामांना आपल्या तंबूत बोलावलं. ते सरदारांसह गेले आणि तिथेच सगळ्यांना दगा करून मारलं गेलं. भास्करराम हे रघुजींचे सगळ्यांत विश्वासू माणूस होते. १७४५ मध्ये रघुजी स्वतः मोठी फौज घेऊन गेले. लढाया चालूच राहिल्या. १७५१ मध्ये थकलेल्या अलिवर्दीने तह केला: वर्षाला १२ लाख रुपये चौथाई आणि ओडिशाचा मुलूख भोसल्यांकडे.

नकाशात बघितलं तर हे यश प्रचंड आहे. वाईच्या परिसराशी नातं सांगणाऱ्या, काकांच्या आश्रयाने वाढलेल्या मुलाने वऱ्हाडापासून कटकपर्यंत सत्ता नेली. पण याच यशाची दुसरी आठवण बंगालमधल्या घरांत आहे. तलवार परत आणताना आपण अभिमानाने आणली, तसंच ही आठवणही आपल्याला ठाऊक असायला हवी. पुराव्याचं काम असंच असतं. आपल्याला आवडणारी खूण ठेवायची आणि न आवडणारी घासून टाकायची, हे तलवारीतही चालत नाही आणि माणसाच्या आयुष्यातही.

फेब्रुवारी १७५५ मध्ये रघुजी नागपुरात वारले. मागे चार मुलगे: जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी. गादीवरून जानोजी आणि मुधोजी भांडले आणि निवाडा पेशव्यांकडे गेला. ज्या पेशव्यांपुढे रघुजी आयुष्यभर झुकले नाहीत, त्यांच्याच दारात त्यांच्या मुलांना उभं राहावं लागलं.

नागपूर ते लंडन: हरवलेला भाग

जुनी वस्तू विकत घेताना जाणकार एक प्रश्न आवर्जून विचारतात: ही कुणाकडून कुणाकडे गेली? याला मालकीची साखळी म्हणू. कुरिअरच्या ट्रॅकिंगसारखी कल्पना करा, फक्त इथे मधले कितीतरी टप्पे गायब असतात.

नागपूरच्या तलवारी बाहेर जाण्याच्या दोन मोठ्या वेळा आपल्याला माहीत आहेत. पहिली, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई. तिच्यानंतर भोसल्यांचा खजिना इंग्रजांच्या हाती लागला. दुसरी, १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारस नसताना वारले तेव्हाची. डलहौसीने संस्थान खालसा केलं आणि राजवाड्यातलं जडजवाहीर, सामान कोलकात्याला नेऊन लिलावात काढलं. आपली तलवार यांपैकी एखाद्या वाटेने गेली असावी असं मानलं जातं.

म्हणून या तलवारीची ओळख मुख्यतः तिच्या अंगावरच्या खुणांवर उभी आहे. पातं, मूठ, सोन्याची नक्षी आणि ती एक ओळ. कुणी शंभर वर्षांपूर्वी लिंबू लावून पाठ घासली असती, तर ओळ गेली असती. मग ती लिलावात एक छान मराठा तलवार म्हणून आली असती आणि रघुजींचं नाव कुणी घेतलंही नसतं.

तुमच्या घरात तलवार असेल तर

हे वाचून देव्हाऱ्याजवळच्या तलवारीकडे धाव घेणार असाल, तर आधी एवढं करा.

१. घासू नका. लिंबू, चिंच, कोलगेट, पॉलिश पेपर, काहीही नको. सुक्या मऊ कापडाने धूळ पुसा, बस्स. उघड्या हाताने पात्याला हात लावू नका, घामाने गंज चढतो.

२. मूठ तापवू नका, ठोकू नका, उघडायचा प्रयत्न करू नका.

३. आडवा उजेड वापरा. खोली अंधारी करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च पात्याच्या अगदी बाजूने, जवळजवळ समांतर धरा. समोरून न दिसणारी झिजलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो काढा. संग्रहालयात हेच काम डझनावारी फोटो जोडून, संगणकावर उजेड फिरवून करतात.

४. मॅक्रो मोडमध्ये तीन जागांचे फोटो हवेतच: पात्याची पाठ, मुठीजवळचा पात्याचा भाग आणि मुठीवरची नक्षी. रघुजींची ओळ पाठीवर होती. बहुतेक जण पात्याच्या दोन बाजू बघतात आणि पाठ बघतच नाहीत.

५. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा. फिल्टर लावू नका. मूळ फाइल जपून ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो लहान होतो आणि बारीक रेघा जातात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

६. आजी-आजोबांना विचारा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. तलवार कुणाकडून आली, कोणत्या गावाहून, कुणाच्या लग्नात, कुठल्या वाटणीत. हीच तुमच्या तलवारीची मालकीची साखळी, आणि ती कुठल्याही अॅपवर मिळत नाही.

विकायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांहून जुनी तलवार ही १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवाय तलवार बाळगणं, मिरवणं याला शस्त्र कायद्याचे नियम आहेत. तेव्हा ती हातात घेऊन रील काढण्यापेक्षा फोटो घेऊन पुरातत्त्व खात्याकडे किंवा इतिहासाच्या जाणकाराकडे जा. आपल्याकडे गोदावरीच्या पलीकडे सरकारवाड्यात खात्याचं कार्यालय आणि संग्रहालय आहे, लांब जायची गरज नाही.

आणि तिथे गेल्यावर पहिला प्रश्न किंमत किती हा विचारू नका. पातं कुठलं, मूठ कुठली, आणि पाठीवर काही लिहिलंय का, एवढंच विचारा.